चिंधी बांधलेलं फळ

यंदा माझ्या बाल्कनीत बारक्या टोमॅटोच्या सहा जाती आहेत. प्रत्येक कुंडीत आइस्क्रीमची काडी खोचलेली असते आणि तिच्यावर जातीचं नाव, बी कुठून आलं, कधी पेरलं, हे सगळं लिहिलेलं असतं. मी पाट्या न लिहिणारी बाई नव्हे. मसाल्याचे डबे, औषधांचा खोका, माळ्यावरच्या बॅगा, सगळ्यांवर माझ्या अक्षरातली चिकटपट्टी असते आणि त्यावरून घरात माझी भरपूर टिंगल होते. तरी सहाव्या कुंडीतली काडी कोरी आहे. बघायला येणाऱ्या बायका नेमकं तेच फळ तोंडात टाकतात आणि विचारतात, "हे कुठलं गं?" मी सांगते, बोरीवलीचं. त्यांना वाटतं मी थट्टा करतेय. बोरीवलीत पिकतात त्या इमारती.

आम्ही लालबागच्या खोलीतून बोरीवलीला राहायला आलो तेव्हा मी सातवीत होते. तळमजला मिळाला म्हणून बाबा हळहळत होते आणि आई मनातून खूश होती, कारण स्वयंपाकघराला मागचं दार होतं. त्या दारातून बाहेर पडलं की इमारत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये जमिनीची एक अरुंद पट्टी होती. भिंत माणसापेक्षा उंच, वर काचा लावलेल्या. पलीकडे ख्रिस्ती लोकांचं जुनं गावठाण होतं: कौलारू घरं, गल्लीच्या तोंडाशी पांढरा क्रूस, कोंबड्या, दोरीवर वाळत घातलेले बोंबील. आमची सोसायटी त्यांच्यातल्याच कोणाच्या तरी वाडीवर उभी राहिली होती, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. सगळे कामाला गेले की दुपारी तिथे जी शांतता पसरायची ती मला नवीन होती. लालबागला शांतता म्हणजे गिरणीचा भोंगा आणि शेजारचं भांडण यांच्यामधली फट. इथे भिंतीपलीकडची कोंबडी कुरकुरली तरी घरात ऐकू यायची, आणि ती कुरकुरायची थांबली तर तेही कळायचं. पट्टीच्या शेवटच्या कोपऱ्यात बादली टेकवली की खालून घुमल्यासारखा आवाज येई. बाकी कुठे येत नसे. मी तो आईला ऐकवला तेव्हा ती म्हणाली, "बिल्डरान भर टाकली आसतली. दुसरा काय."

त्या घरात पहिल्याच वर्षी मला भाऊ झाला आणि बारशाच्या आत गेला. त्याच्यासाठी आईने जुन्या सुती साड्या फाडून दुपटी केली होती. तो गेल्यावरही ती फाडत राहिली. काठाला दाताने चीर पाडायची आणि दोन्ही हातांनी सरळ फाडत न्यायची. एक लांब, कोरडा आवाज. शाळेतून येताना मला तो फाटकापाशीच ऐकू यायचा आणि मी समजून घ्यायचे की आज चूल पेटलेली नाही. साड्या संपल्या तेव्हा तिने चादरी घेतल्या. बोलणं बंदच झालं होतं. शेवटी बाबांनी घरातलं जुनं कापड गोळा करून बोहारणीला देऊन टाकलं आणि कात्री कपाटात कुलुपात ठेवली. फाडायला काही उरलं नाही, तेव्हा ती नुसती मागच्या दारात बसून राहायला लागली, पट्टीच्या त्या शेवटच्या कोपऱ्याकडे तोंड करून.

तिला तिथून उठवलं ते टोमॅटोने. वरच्या मजल्यावरच्या हंसाबेनचा मुलगा जहाजावर नोकरीला होता. त्याने कुठल्याशा बंदरातून बियांचं पाकीट आणलं होतं, त्यावर लाल द्राक्षांसारख्या घोसांचं चित्र आणि 'चेरी टोमॅटो' असं नाव. हंसाबेनला जागा नव्हती म्हणून त्यांनी ते आमच्याकडे दिलं. आम्ही तोवर चेरी पाहिली होती ती केकवरची. आईने पाकीट हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि कित्येक महिन्यांनी पहिलं वाक्य बोलली: "एवढे बारके कशाक?" बाबा स्वयंपाकघरात होते. ते नळ वाहता ठेवून तसेच उभे राहिले.

त्या दिवसापासून घर हळूहळू पुन्हा चालू झालं. आईने हट्टाने तीन जाती जमवल्या. जहाजावरून आलेले लाल, स्टेशनजवळच्या रोपवाल्याकडचे पिवळे, आणि मामाने गावाहून कागदात बांधून पाठवलेले गावठी, बोराएवढे. मी वहीच्या मागच्या पानावर तक्ता आखला: साल जाड की पातळ, आंबटपणा, घोस कसा लागतो, पाणी जास्त झालं तर फळ फुटतं का. आई सांगायची, मी लिहायचे. माझ्या याद्यांचं वेड तिथलं आहे. जहाजवाले गोड, पण सालीला दम नाही. पिवळे दिसायला देखणे, सारात घातले की बेचव. गावठी आंबट, सुक्या जवळ्यात घालावेत तर तेच. मासे धुतलेलं पाणी झाडांच्या मुळाशी जायचं, त्यामुळे मांजरं आणि माश्या यांचा त्रास असे. पानाच्या बगलेत फुटणारे कोंब खुडायचं काम माझं. टोमॅटोच्या झाडाला हात लावला की बोटं हिरवी-काळी होतात आणि साबणाने धुताना पाणी पिवळं निघतं. आम्हा दोघींची बोटं त्या थंडीत तशीच असायची. एकदा मी चुकून फुलाचा तुरा खुडला आणि आई माझ्यावर चांगली खेकसली. बाबांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं, बराच वेळ खाली घेतलं नाही.

चौथं झाड कोणी लावलं नाही. ते त्या घुमणाऱ्या कोपऱ्यात आपोआप उगवलं आणि भिंतीला धरून वर चढलं. त्याला पाणी घालायची गरज नसे. घातलं तर ते एका घोटात जमिनीत नाहीसं होई. फळं बारीक, अंगावर किंचित खाचा असलेली, देठाजवळ काळपट लाल. बुलबुल आमच्या बाकीच्या घोसांची चाळण करत होते, पण या झाडावर कधी बसले नाहीत. आईने एक फळ चाखलं आणि मलाही दिलं. आधी आंबट, मग गोड, आणि गिळल्यावर जिभेवर थोडंसं खारट काहीतरी. आई म्हणाली, "हेच्यासारखो एक नाय. उद्या हेका चिंधी बांधूया."

आमच्याकडे ही जुनी रीत आहे. काकडी असो, वांगं असो, जे फळ बियाण्यासाठी राखायचं त्याच्या देठाला चिंधी बांधतात, म्हणजे घरातलं कोणी चुकून तोडत नाही. आणि ज्याने बांधली त्यानेच ती सोडायची. दुसऱ्याने सोडली तर बी उगवत नाही, असं आई मानायची. बाकीच्या तीन जातींसाठी बाबांनी आपल्या जुन्या लेंग्याच्या पट्ट्या कापून दिल्या होत्या. स्वतः कात्रीने कापल्या. आईला फाडू दिल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पट्टी घेऊन गेलो तर कोपऱ्यातल्या झाडावर चिंधी आधीच बांधलेली होती. तिथलं सगळ्यात भरलेलं फळ हेरून बांधलेली, आईने नेमकं तेच निवडलं असतं. कापड तांबडं, बारीक चौकटींचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. कडेचे धागे सुटे होते, नुकतं फाडल्यासारखे. गाठही आमची नव्हती. आई दुहेरी गाठ मारून सशाच्या कानांसारखी दोन टोकं वर सोडायची. ही सपाट होती, एक टोक आत दुमडून घेतलेलं, जणू शिवलेली. आईने हात पुढे केला आणि मागे घेतला.

"सुमन, हे कापड कुठून आणलंस?" बाबांनी आईला विचारलं. त्यांचा आवाज अगदी मऊ होता. मला तो आवडला नाही.

"मी बांधूक नाय."

"मग कोणी बांधली?"

"माका काय म्हायत."

बाबांनी त्या दिवशी कामाला उशीर झाला तरी चालेल म्हणून घरातली कपाटं, ट्रंका, गादीखाली, सगळीकडे शोधलं. तांबड्या चौकटींचं काहीच नव्हतं. नंतर मीही तेच शोधलं. आई ओट्यापाशी उभी राहून आमच्याकडे पाहत होती आणि तिला सगळं कळत होतं. पुढच्या आठवड्यात दुसरी चिंधी आली, दुसऱ्या घोसावर. बाबांनी लालबागहून आत्याला बोलावून घेतलं.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, विधवा. गिरण्यांच्या संपामुळे तिचा मुलगा घरी बसला होता, त्याचा वैताग ती जाईल तिथे बरोबर नेई. तिच्या दातांना मिश्री आणि बोलण्याला धार, पण बाबांना तिनेच वाढवलं होतं. ती म्हणेल ती पूर्व दिशा. पहिल्याच संध्याकाळी बाहेरच्या खोलीत ठरलं की आईला गावी मामाकडे पाठवायचं आणि मला लालबागला आत्याकडे. किती दिवसांसाठी, हे कोणी बोललं नाही. आमच्या गावात अशीच एक बाई माहेरी धाडली होती, मी तिला पाहिलं होतं. तिची मुलं तिला काकू म्हणायची. आत्याला मात्र अन्याय करायचा नव्हता. "आधी मी बघतंय," ती म्हणाली. "डोळ्यांनी बघल्याशिवाय मी कोणाक नावं ठेवची नाय." मग तिने आपली पद्धत लावली. रोज सकाळ-दुपार आईचे हात उलटे-सुलटे करून बोटांवर टोमॅटोचा हिरवा डाग आहे का ते पाहायचं. मागच्या दाराला कुलूप, किल्ली कनवटीला. आणि एक नियम: "ज्यान बांधली त्यानाच सोडूची, आमचीच रीत मा ती? तिना सोडली की समजाचा तिनाच बांधली."

नेमकी त्याच दिवसांत बागेत मर आली. दुपारी झाडं माना टाकायची, सकाळी पुन्हा उभी राहायची, आणि एक दिवस उठली नाहीत. पानं हिरवीच, पण लोंबणारी. आधी जहाजवाली, मग पिवळी, शेवटी मामाची गावठी. माझ्या तक्त्यातल्या तीनही जातींवर मी रेघ मारली. बाबांच्या लेंग्याच्या पट्ट्या वाळक्या फांद्यांवर तशाच राहिल्या. कोपऱ्यातलं झाड तेवढं ताठ होतं, आणि त्याच्यावरची ती दोन चिंधीवाली फळं पिकून गडद होत चालली होती. आणखी थोड्या दिवसांत साल तडकली असती, मुंग्या लागल्या असत्या. आई खिडकीच्या गजांना धरून बघत राहायची. मला भीती वाटायची की ते झाड गेलं तर ती पुन्हा त्या दारात जाऊन बसेल, आणि मग आत्याच्या पद्धतीचीही गरज उरणार नाही.

"वन्सं, बी फुकट जातला," आई म्हणाली.

"तू बांधलंस? मगे सोड."

"मी बांधूक नाय."

"नाय बांधलंस? मगे हात लावू नको."

त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. जेवणं उरकली होती. आत्याने दाराला कुलूप घातलं, किल्ली कनवटीला खोचली आणि स्वयंपाकघरात जमिनीवर वर्तमानपत्र पसरून आम्ही तिघी सुका जवळा निवडायला बसलो. आई आमच्या दोघींच्या मध्ये. खाली बसलं की खिडकीतून फक्त भिंतीवरच्या काचा आणि पांढरं आभाळ दिसायचं. आत्या मुलाच्या नावाने काहीतरी सांगत होती, सरकारने तोडगा काढला नाही तर त्याने काय करायचं, हमाली? पलीकडची कोंबडी कुरकुरत होती. मग ती थांबली. आत्याही वाक्याच्या मध्येच थांबली, का ते तिलाही सांगता आलं नसतं.

आधी दाताने चीर पाडल्यासारखा बारीकसा आवाज आला. मग सरळ, लांब, कोरडं, एका दमात फाडत नेलेलं कापड. दाराच्या पलीकडे, कोपऱ्याच्या दिशेने.

मी सगळ्यात आधी आईच्या हातांकडे पाहिलं. तिच्या दोन्ही हातांत जवळा होता. आजही मला लाज न वाटता सांगता येतं की त्या क्षणी मला भीती वाटली नाही, नुसता आनंद झाला. तो आवाज घरात नव्हता. तो आईचा नव्हता. भीती मागाहून आली, आईचा चेहरा पाहिल्यावर. ती दचकली नव्हती. मान किंचित कलती करून ती ऐकत होती, शेजारणीने भांडी घासायला काढल्याचा आवाज ऐकावा तशी.

आत्याला किल्ली कुलुपात घालता येईना. ती मी घातली. बाहेर कोणी नव्हतं. ऊन, वाळलेल्या फांद्या, भिंत. ओलसर मातीवर आमच्याच जुन्या पावलांचे ठसे. झाडावर तिसरी चिंधी होती. मी बोट लावून पाहिलं. त्या उन्हात ती गार होती, विहिरीतून काढलेल्या घागरीसारखी गार. या सगळ्याचा मी नंतर आयुष्यभर पद्धतशीर विचार केला आहे: गावठाणातलं पोर, भिंतीवरच्या काचा, गच्चीतून उडून आलेलं कापड, उन्हात तडकलेली फांदी. एकेक शक्यता मांडायची आणि खोडायची. यादी संपते, चिंधी उरते.

मला वाटलं होतं आता सगळं मिटलं. आई आमच्यामध्ये बसली होती, आत्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. पण आत्या भिंतीला टेकली आणि म्हणाली, "ह्या तर त्याहून वायट. ह्या हिच्या मागे लागलाहा. आज रातीच्या एस्टीन हिका गावाक धाडूया. ह्या जाग्यात एक दिवस ठेवूची नाय."

आईने पदराला हात पुसले. "मी विचारून येतंय," ती म्हणाली.

"कोणाक?"

"ज्यांची जमीन होती त्यांका."

बाळ गेल्यापासून ती सोसायटीच्या फाटकाबाहेर पडली नव्हती. मी तिच्या मागोमाग गेले. गावठाणात क्रूसाजवळ मोनीबाय नावाची बाई दारात बसून बोंबील उलटत होती. तिच्याकडून आम्ही अंडी घ्यायचो, तेवढीच ओळख. आईने तिला एवढंच सांगितलं की आमच्या मागच्या कोपऱ्यात तांबड्या चौकटीची चिंधी बांधलेली सापडली, तुम्ही एकदा बघाल का. मोनीबाय हातातला बोंबील टोपलीत टाकून तशीच उठली.

झाडासमोर येऊन तिने आधी फळ पाहिलं, मग कापड, मग गाठ. तिने कपाळाला, छातीला बोटं लावून क्रूस केला.

"हा माझ्या सासूचा लुगरा हाय," ती म्हणाली. "फिलूबायचा. तुमी आता उभ्या हाव ना, तिथं तिची विहीर होती. विहिरीच्या काठानं हीच बारीक टोमॅटी लावायची. बिल्डरनं विहीर बुजवली तवा रोज दुपारी येऊन बसायची, ट्रक खाली होताना बघत. आमी म्हणायचो, ए आई, घरी चल, ऊन लागेल. नाय यायची. मग गेलीच."

मी पायांखाली पाहिलं. आत्या दोन पावलं मागे सरकली.

"त्या लुगड्याचं कापड घरात आसा काय अजून?" आत्याने विचारलं. "पोरांनी घेतला आसतला."

"घरात कुठनं असणार? तिला त्याच लुगऱ्यात पेटीत निजवली. सांगून ठेवलेलं तिनं."

पलीकडे कोंबडी अजून गप्पच होती.

"ही गाठ तुमका सोडूक येता?" आईने विचारलं.

"तिची गाठ? कोणाला नाय शिकवली. बी पण नाय दिलं कोणाला. म्हणायची, जागा गेली, आता बी घेऊन काय माझ्या डोक्यावर पेरणार?" मोनीबाय हसली आणि लगेच पदराने तोंड पुसलं.

आईने झाडाकडे पाहिलं. पहिल्या फळाच्या सालीला देठापाशी बारीक चीर जायला लागली होती. मला माहीत होतं ती कशात अडकली आहे. गाठ सोडली तर आत्याच्या नियमाने ती बांधणारी ठरणार होती आणि बाबांना ते रात्रीच्या आत सांगितलं जाणार होतं. नाही सोडली तर बी जाणार होतं, तिचंही आणि त्या बाईचंही.

"वन्सं, मी सोडतंय," आई म्हणाली.

"सुमन, मगे मी काय समजू?"

"तुमका काय समजाचा ता समजा."

ती त्या कोपऱ्यात उकिडवी बसली. आवाज न बदलता, वाटीभर साखर मागावी तसं म्हणाली, "बाय, बी मी राखतंय. नेऊ?" आणि थांबली. तिच्या थांबण्यात काही नाटक नव्हतं. उत्तर येईपर्यंत माणूस थांबतो, तशी थांबली. मग भिंतीपलीकडची कोंबडी कुरकुरली. आईने दुमडीच्या आत बोट घातलं, एक टोक ओढलं, आणि ती शिवल्यासारखी गाठ कधी नव्हतीच अशी सुटली. फळ आपणहून तिच्या तळव्यात आलं. मग दुसरी गाठ, तिसरी. तिला एकदाही शोधावं लागलं नाही.

"अशीच," मोनीबाय हळूच म्हणाली. "ती अशीच ओढायची."

आत्या आईकडे एकटक बघत होती. "सुमन," ती म्हणाली, "तुका कसा कळला, खयचा टोक ओढूचा ता?"

आईने आपल्या बोटांकडे पाहिलं. हिरवी झाली होती. "माका काय म्हायत," ती म्हणाली.

संध्याकाळी बाबा आले. आत्याने स्वतः चहा टाकला. मी दाराच्या आड उभी होते. सगळं आता तिच्या एका वाक्यावर होतं. बाबांनी बशीत चहा ओतला आणि विचारलं, "मग ताई, काय बघितलंस?" आत्या जरा वेळ पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली.

"पलीकडच्या बाईच्या सासूचा झाड ता," ती म्हणाली. "चिंध्यो त्यांच्यो. बोलणा झाला, मिटला. सुमन खय जायची नाय." आणि मग, बाबा आणखी विचारतील त्याच्या आत, "माझी पिशवी भरूक घे गो पोरी. मी उद्या सकाळी लालबागाक जातंय. हय माका झोप लागणा नाय."

सकाळी निघताना तिने रोजच्या सवयीने आईचे हात हातात घेतले. उलटे केले नाहीत. नुसते दाबले आणि सोडले. त्यानंतर ती आमच्याकडे पुष्कळदा आली, माझ्या लग्नात तर महिनाभर राहिली, पण मागच्या दारातून बाहेर कधी गेली नाही.

आईने तिन्ही फळांचं बी राखेत घोळून कागदावर वाळवलं. अर्धं मोनीबायला दिलं. चिंध्या मोनीबाय घेऊन गेली आणि तिने त्या कुठे ठेवल्या ते आम्ही विचारलं नाही. पुढच्या वर्षी त्या पट्टीत ती एकच जात होती. आम्ही दोघींनी दुसरं काही लावायचा विचारही केला नाही. आईने मात्र पुन्हा कधी चिंधी बांधली नाही. वेळच आली नाही. फळ धरलं की कोणतं राखायचं ते दरवर्षी ठरलेलं असायचं, आणि पिकलं की आई ते एक टोक ओढून घेऊन यायची. बाबांनी कापड कुठून येतं ते विचारलं नाही. मीही नाही. आईने उरलेल्या आयुष्यात घरात कापड फाडलं नाही. पायपुसणंसुद्धा ती विकत आणायची.

आता ती इमारत नाही. तिच्या जागी उंच टॉवर झाला आणि कोपऱ्यावर गाड्या उभ्या राहतात. तिथल्या लादीतून बारा महिने पाणी पाझरतं, सोसायटीने तीन वेळा ठेकेदार बदलला, त्यांना गळती सापडत नाही. टॉवर पुरा व्हायच्या आदल्या वर्षी आई गेली. आम्हाला त्याच जागेवर सातवा मजला मिळाला. बी माझ्याकडे आहे, एका डबीत, आणि डबीवर काही लिहिलेलं नाही.

इथे वर चिंधी मीच बांधते. मुलीच्या जुन्या ओढणीची पट्टी, कात्रीने कापलेली, आईची दुहेरी गाठ. इतक्या उंचावर कोण येणार, हे मला कळतं. तरी पहिलं फळ रंगायला लागलं की मी ती लगेच बांधत नाही. पट्टी खिडकीत काढून ठेवते, दुपारी टीव्ही बंद करते, आणि आधी आठवडाभर थांबते.